ऑडिओ प्रदर्शनात महागडे स्पीकर ऐकताना काय ऐकावं, काय सोडून द्यावं

प्रश्न स्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या एका पुणेकराचा आहे. व्हिएन्नाच्या ‘हाय एंड’ प्रदर्शनाला ते पहिल्यांदाच जाणार आहेत. पुढे पुण्याला परतल्यावर दहा बाय बाराच्या खोलीसाठी चांगले स्पीकर घ्यायचे आहेत, आणि ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायनाचं. ते विचारतात: खोलीखोलीत लाखांचे, कोटींचे स्पीकर वाजत असताना पाच-दहा मिनिटांच्या ऐकण्यावरून काही ठरवता येतं का? आणि एवढ्या किमतीचं कानाला खरंच काही मिळतं का?

ठरवता येतं, पण सगळं नाही. आणि जे ठरवता येत नाही नेमकं त्यावरच बहुतेक जण मत बनवून बाहेर पडतात, ते म्हणजे बेस, खालचे जड सूर. खोल्यांचं ध्वनिनियोजन हे माझं रोजचं काम आहे. त्या कामाच्या आधारावर सांगतो, की प्रदर्शनात ऐकलेल्या बेसवरून ना कुठला स्पीकर पसंत करावा, ना कुठला बाद करावा. मधल्या पट्टीबद्दल, म्हणजे माणसाचा गळा मुख्यतः जिथे असतो त्या सुरांबद्दल, मात्र तुम्ही दहा मिनिटांत बरंच खात्रीने सांगू शकाल, तुमचं ऐकणं गायनाचं असल्यामुळे तर जास्तच.

आधी बेसचं सांगतो. लहान खोलीत साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचीच सत्ता चालते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनिलहर अडकते आणि ठरावीक कंपनसंख्येला खोली स्वतःच घुमते. हिशोब सोपा आहे: आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं. पाच मीटर लांबीची खोली ३४ हर्ट्झला घुमणार, चार मीटरची ४३ हर्ट्झला. हीच घूम खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर जवळपास नाहीशी होते आणि मागच्या भिंतीला टेकून बसलं तर फुगते. म्हणजे एकाच स्पीकरबद्दल मधल्या रांगेतला माणूस ‘बेस कमी आहे’ म्हणेल, शेवटच्या रांगेतला ‘फार जड आहे’ म्हणेल, आणि आपापल्या खुर्चीवरून दोघंही खरंच बोलत असतील.

त्यात प्रदर्शनाच्या खोल्या ऐकण्यासाठी बांधलेल्या नसतात. हे प्रदर्शन १९८२ साली ड्यूसेलडॉर्फला सुरू झालं, पुढे फ्रँकफर्टजवळ भरू लागलं, २००४ पासून २०२५ पर्यंत म्युनिकच्या एमओसी संकुलात होतं आणि २०२६ पासून व्हिएन्नाच्या ऑस्ट्रिया सेंटरमध्ये आलं. एमओसीच्या वरच्या मजल्यांवर काचेच्या दर्शनी भिंती. काचेवर ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, आपटून परत येतो, बेस मात्र तिला न जुमानता बाहेर निघून जातो. तिथे चांगला आवाज काढणाऱ्या मंडळींनी गुरुवारी प्रदर्शन उघडण्याआधी रात्ररात्र जागून पडदे, फळ्या आणि शोषक लावलेले असायचे. ऑस्ट्रिया सेंटर परिषदांसाठी बांधलेलं आहे. तिथल्या अडचणी वेगळ्या असतील, पण असतीलच. शेजारच्या दालनातला ढोल तुमच्या आलापात शिरण्याची तयारी ठेवूनच जा.

मग बेसबद्दल काहीच कळत नाही का? एक गोष्ट कळते, आणि त्यासाठी तबला हे फार चांगलं हत्यार आहे. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की घुमारा सलग चढत जातो, मध्ये पायरी नसते. स्वच्छ रेकॉर्ड केलेल्या एकल तबल्याचा असा एक तुकडा सोबत घ्या. खोलीत तो लावला की कान घुमाऱ्याच्या चढणीवर ठेवा. एका ठिकाणी तो अचानक फुगेल, लगेच पुढे पातळ होईल, पुन्हा भरेल. आता उठा, दोन खुर्च्या सोडून बसा आणि तोच तुकडा पुन्हा ऐका. फुगण्याची जागा बदलली तर तो खोलीचा दोष, स्पीकरला बोल लावू नका. खुर्ची कुठलीही असो, तोच सूर तसाच फुगत असेल आणि थाप थांबल्यावरही मागे घुटमळत असेल, तर मात्र स्पीकरच्या पेटीवर किंवा तिच्या हवेच्या भोकावर संशय घ्यायला जागा आहे. प्रदर्शनात बेसची याहून जास्त परीक्षा होत नाही.

आता मधली पट्टी. तिच्यासाठी माझ्या माहितीत तानपुऱ्याइतकं कडक परीक्षक वाद्य दुसरं नाही. काळी एकच्या पुरुषी गळ्याला लावलेला तानपुरा घ्या. जोडाच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास, पंचम १०४ला, खर्ज ६९ला. पण आपण ऐकतो ते हे आकडे नव्हेतच. जवारीच्या घोडीवर तार घसटते आणि मूळ सुराच्या वर स्वरांशांची, म्हणजे त्याच्या पटींतल्या बारीक सुरांची, एक लांबच लांब शिडी उभी राहते, थेट काही हजार हर्ट्झपर्यंत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच दाखवलं होतं की तार जिथे छेडली तिथल्या हिशोबाने जे स्वरांश गायब असायला हवेत, तेही तानपुऱ्यात आणि वीणेत ठणठणीत ऐकू येतात. स्पीकर तपासायला यासारखं दुसरं काही नाही. शिडीची एकही पायरी रिकामी नसते, आणि तीच शिडी मिनिटामागून मिनिट तशीच उभी असते. गाणं पुढे सरकतं, कानाला शोधायला वेळ मिळत नाही. तानपुऱ्यात तो मिळतो.

ऐकायचं ते असं. खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूकडून (वूफर) वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्याकडे (ट्वीटर) आवाज सोपवण्याची जागा बहुतेक स्पीकरमध्ये दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास असते. तिथे दोन-तीन डेसिबलचा उंचवटा असेल तर शिडीतल्या काही पायऱ्या पुढे येतात, तानपुऱ्यावर एक बारीक शिट्टी बसल्यासारखी राहते आणि जवारी पत्र्यासारखी वाजते. खड्डा असेल तर उलट होतं. तानपुरा मागे सरकतो, तार तुटक वाटते, गवई एकटा पडतो. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्यासमोर बसून ज्याने एकदा तरी डोळे मिटून ऐकलंय, त्याला हे सांगायला मोजणीचं यंत्र लागत नाही. जाण्याआधी शक्य असेल तर असं एकदा बसाच. कानात मूळ आवाज ताजा असणं ही सगळ्यात मोठी तयारी.

दुसरी वस्तू म्हणजे ओळखीच्या माणसाचं बोलणं. आईचा, बायकोचा, मित्राचा आवाज गच्चीवर किंवा मोकळ्या जागी बऱ्यापैकी माइकने, मिनिटभर, एका चॅनेलवर रेकॉर्ड करून घ्या. बीबीसीचा संशोधन विभाग पूर्वी स्वतःचे मॉनिटर स्पीकर बनवायचा, आणि तिथेही प्रत्यक्ष बोलणारा माणूस आणि स्पीकरमधला त्याचा आवाज यांची तुलना हा तपासणीचा महत्त्वाचा भाग होता. माणसाचा आवाज छातीतून आल्यासारखा जड झाला तर गडबड शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास आहे. नाकातून येतोय असं वाटलं तर हजाराच्या आसपास. मराठी बोलण्यात आणखी एक सोय आहे. ‘चाक’मधला दाताजवळचा च आणि ‘चिमणी’मधला टाळूचा च यांची फूस वेगवेगळ्या पट्टीत पडते, पहिल्याची वर, दुसऱ्याची खाली. असे शब्द त्या बोलण्यात मुद्दाम घाला. ट्रेबल नीट नसलेल्या स्पीकरवर हे दोन्ही च एकमेकांकडे झुकतात, सगळं बोलणं एकाच फुसकारीत निघतं. जर्मन किंवा जपानी प्रदर्शकाला ते कळणार नाही, तुम्हाला एका वाक्यात कळेल.

याखेरीज वरच्या पट्टीतल्या स्त्रीस्वराचा हार्मोनियमसह एक तुकडा हवा. पेटीच्या पट्ट्यांचा आवाज दाट असतो आणि कर्कश स्पीकरवर तो गळ्याला झाकून टाकतो. एवढं पुरे. प्रत्येक तुकडा दीड मिनिटाच्या आत ठेवा आणि सगळे पेन ड्राइव्हवर फ्लॅक स्वरूपात घ्या. साधी सीडीच्या दर्जाची फाइल चालते. प्रदर्शकांच्या आवडीचं संगीत, म्हणजे एक गिटार, एक मंद बाईचा आवाज, मध्येच एक दणदणीत ठोका, हे त्यांचा स्पीकर शोभून दिसावा म्हणूनच निवडलेलं असतं. त्यावरून स्पीकर कशात कमी पडतो ते कळायचं नाही. सकाळी दार उघडल्यावरचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास या वेळी विनंती करा. गर्दी नसली तर बहुतेक जण आनंदाने लावतात, आणि तानपुरा ऐकून काही जण स्वतःच खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतात. त्यांनाही ते नवं असतं.

बसण्याची जागा आणि आवाजाची पातळी या दोन गोष्टी नीट सांभाळा, नाहीतर वरचं सगळं फुकट. कान ट्वीटरच्या उंचीवर हवेत, म्हणजे जमिनीपासून साधारण नव्वद सेंटीमीटर ते एक मीटर. मागे उभं राहून ऐकलं तर वूफर आणि ट्वीटरपासूनची अंतरं बदलतात, सोपवणीच्या जागी आवाज एकमेकांना खातो, आणि जो खड्डा तुम्ही ऐकता तो बसलेल्या माणसासाठी नसतोच. मोठ्या, चार-पाच ड्रायव्हर (वूफर, ट्वीटर वगैरे) असलेल्या स्पीकरपासून तीन मीटर तरी दूर बसा. जवळून त्याचे तुकडे वेगवेगळे ऐकू येतात. आणि दोन्ही स्पीकरच्या मधोमधची खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबा. गवई मध्यभागी उभा राहतो तो फक्त त्या एका रेषेवर.

पातळीचं तर फारच जपा. दोन स्पीकरमध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा ‘जास्त चांगला’ वाटतो, ‘जास्त मोठा’ असं वाटतच नाही. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की पातळी वाढली की कानाला बेस प्रमाणाबाहेर वाढल्यासारखा जाणवतो. म्हणून दणदणीत लावलेली खोली भरगच्च वाटते आणि शेजारची हळू लावलेली खोली पांढरीफटक. फोनवर आवाज मोजण्याचं ॲप ठेवा. त्याचा आकडा दोन-तीन डेसिबलने चुकला तरी चालेल, कारण सगळ्या खोल्यांत तो तेवढाच चुकतो. पंचाहत्तरच्या आसपास आवाज आणायला सांगा. घरी ख्याल आपण त्याहून मोठा ऐकत नाही. शिवाय कानाचंही बघायला हवं. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ला फक्त एक तास. दुपारपर्यंत दोन-तीन दणदणीत खोल्या झाल्या की कान बधिर होतात आणि संध्याकाळी सगळेच स्पीकर मऊ, छान वाटू लागतात. दोन खोल्यांच्या मध्ये बाहेर पडा, चालून या.

शेवटची परीक्षा खोलीतून बाहेर पडताना करायची असते. ओळखीचं बोलणं चालू असताना उठा आणि हळूहळू बाजूने दाराकडे जा. चांगल्या स्पीकरसमोरून बाजूला जाताना आवाज थोडा मवाळ होतो, पण माणूस तोच राहतो. दाराबाहेर गेल्यावरही आत कुणी खरंच बोलतंय असं वाटत राहतं. वाईट स्पीकरचा माणूस दोन पावलांतच बदलतो, घोगरा होतो किंवा टोचू लागतो. याचं कारण ड्रायव्हरच्या आकारात आहे. साडेसहा इंची वूफरचा शंकू तेरा-एक सेंटीमीटर रुंद. तीन हजार हर्ट्झची लहर साडेअकरा सेंटीमीटरची. लहर शंकूपेक्षा लहान झाली की वूफर सरळ समोरच आवाज फेकतो, आणि त्याच जागी हातात सूत्रं घेणारा इंचभराचा ट्वीटर मात्र चहूकडे पसरवतो. समोरून दोघांचा मेळ बसवता येतो, बाजूने तो तुटतो. आणि घरात जे ऐकू येतं त्यातला मोठा वाटा बाजूने निघून भिंतींवर आपटून येणाऱ्या आवाजाचाच असतो. मला विचाराल तर मधोमधच्या खुर्चीतल्या दहा मिनिटांपेक्षा दारापर्यंतची ही दहा पावलं तुमच्या पुण्याच्या खोलीबद्दल जास्त सांगतात.

आता किमतीचा प्रश्न. महाग स्पीकरमध्ये पैसा मुख्यतः दोन गोष्टींवर जातो: खूप खालचा बेस, आणि खूप मोठ्या पातळीलाही न बिघडणारा आवाज. कंपनसंख्या निम्मी केली तर तेवढीच पातळी गाठायला शंकूला चौपट हलावं लागतं. पंधरा इंची शंकूचं क्षेत्रफळ साडेसहा इंचीच्या जवळपास सहापट, म्हणून मोठे ड्रायव्हर, मोठी पेटी, ती थरथरू नये म्हणून ॲल्युमिनियम किंवा जड मिश्र द्रव्यं. हा खर्च खोटा नाही. सिंफनी, मोठा पाइप ऑर्गन, इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो आणि तो ऐकताना अंगावर काटा येतो, मलाही येतो. पण तुमच्या यादीकडे बघा. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झला आहे. ख्यालाच्या मैफलीत साठच्या खाली फारसं काही वाजतच नाही. वीस हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या स्पीकरच्या किमतीतला मोठा हिस्सा तुम्ही अशा सुरांसाठी मोजाल, जे तुमच्या संग्रहात नाहीत. मधल्या पट्टीचा खरेपणा त्याच्या एका छोट्या हिश्श्यात मिळू शकतो.

डोळ्यांचंही एक सांगायलाच हवं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस श्रोत्यांनी तेच चार स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसत असताना ऐकले. दिसायला लागल्याबरोबर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान प्लास्टिकच्या संचाचे घसरले, आणि हे श्रोते त्याच धंद्यातले होते. ऑलिव्ह यांच्या नंतरच्या कामात असंही दिसलं की श्रोत्यांच्या पसंतीत सुमारे ३० टक्के वाटा बेसचा असतो. प्रदर्शनात लोक बेसवर का भुलतात ते यात आलं. तुम्ही प्रत्येक खोलीत आधी दोन मिनिटं डोळे मिटून ऐका, नोंद लिहा, मग किंमत विचारा. हा क्रम उलटा करू नका.

आणि नाव-किंमत बाजूला ठेवून प्रकार ऐका. एवढे सगळे प्रकार एका छताखाली ऐकायला मिळणं ही या प्रदर्शनांची खरी श्रीमंती आहे, भारतात ते वर्षभर फिरूनही जमणार नाही. बर्लिनच्या एमबीएलचा चहूबाजूंनी आवाज टाकणारा रेडियलस्ट्रालर ऐका. गवई एका बिंदूत नाही, खोलीतल्या हवेत उभा राहतो. अवांतगार्दचे हॉर्न, म्हणजे कर्ण्याचे स्पीकर, ऐका. तबल्याची किनार तिथे जशी सुटून येते तशी क्वचितच येते, पण तानपुऱ्यावर हॉर्नची स्वतःची छटा चढते का ते तपासा. क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे शंकूऐवजी विजेच्या भाराने हलणाऱ्या पातळ पडद्याचा स्पीकर, कुठे मिळाला तर नक्की बसा. १९५७ पासूनची ही परंपरा आहे आणि मानवी गळ्याच्या बाबतीत अजूनही फार कमी जणांनी तिला मागे टाकलंय. पेटी नाही, म्हणून पेटीचा आवाज नाही. केईएफचा युनि-क्यू, म्हणजे वूफरच्या पोटात ट्वीटर, आणि जेनेलेकसारखे आत अँप असलेले मॉनिटर दारापर्यंतच्या चालण्यात टिकतात, म्हणून ते लहान खोलीसाठी मला आवडतात. इलेक्ट्रोस्टॅटिकला मात्र मागे मीटरभर तरी मोकळी जागा लागते, तुमच्या खोलीत ती निघणार नाही.

कारण शेवटी तुमची खोली. दहा बाय बारा म्हणजे ३.०५ बाय ३.६६ मीटर. ती ५६ आणि ४७ हर्ट्झला घुमणार. छत साडेनऊ फुटांचं असेल तर ५९ लाही. ५६ आणि ५९ जवळजवळ एकमेकांवर बसतात आणि तिथे फुगवटा येणार हे आत्ताच लिहून ठेवा. अमेरिकी घरांतल्या जिप्समच्या पोकळ भिंती थोडा बेस गिळतात. आपल्या आरसीसी आणि विटांच्या भिंती तो जसाच्या तसा परत फेकतात, शिवाय खाली फरशी. अशा खोलीत जमिनीवर उभा राहणारा मोठा स्पीकर आणून त्याचा बेस दाबत बसण्यापेक्षा पन्नास-साठ हर्ट्झपर्यंत प्रामाणिक जाणारा, स्टँडवरचा, बाजूने नीट वाजणारा स्पीकर घ्या. उरलेल्या पैशांत जाड गालिचा, भिंतीवर आवाज पहिल्यांदा आपटतो त्या जागी शोषक आणि कोपऱ्यांत बेस गिळणारे ‘बेस ट्रॅप’ करून घ्या.

व्हिएन्नाहून खरेदी ठरवून येऊ नका, तीन नावं घेऊन या. त्या प्रत्येक खोलीत विचारा: भारतात आयातदार कोण, ट्वीटर गेला तर बदली मिळायला किती दिवस लागतात, आणि घरी आठवडाभर ठेवून ऐकायला देता का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याचं नाव मी खोडतो, स्पीकर कितीही आवडला असला तरी. ट्रायल मिळाली की आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक साधा यूएसबी मोजणीचा माइक घेऊन तुमच्या खुर्चीच्या जागी खोली मोजा, ते ५६-५९चं टेकाड किती उंच आहे ते बघा, स्पीकर भिंतीपासून वीतवीत पुढे घेत ते उतरवा. त्यानंतर तोच तानपुरा लावा.